हॉर्सपॉवरचा काटा कुणाच्या हातात?

(कोल्हापूर येथील बैठकीत कोरडवाहू कापूस व ज्वारी उत्पादकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



उसाच्या जिल्ह्यात कापूस-ज्वारीवाल्यांची बैठक कशाला, असे काल मुक्कामावर काही जण विचारत होते. यवतमाळ, परभणीहून निघालेला माणूस कोल्हापुरात उतरला की त्याला हिरवा पट्टा दिसतो, पंचगंगेचे पाणी दिसते, आणि ही मंडळी वेगळ्याच देशातली आहेत असे वाटते. पण कोल्हापुरात आणखी एक गोष्ट आहे. इथल्या उद्यमनगरात, शिरोलीला, गोकुळ शिरगावला भट्ट्यांतून जे लोखंड ओतले जाते, त्याचे इंजिनांचे आणि ट्रॅक्टरचे सुटे भाग होतात आणि ते तुमच्या शिवारापर्यंत येतात. दुसरे असे की इथला शेतकरी काट्यावर भांडायला शिकलेला आहे. उसाचे वजन कारखान्याच्या काट्यावर होते, आणि काटा ज्याच्या हातात त्याच्याच हातात दामही, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही.

आज आम्ही दुसऱ्याच एका काट्याबद्दल बोलणार आहोत. ज्या काट्यावर ट्रॅक्टरचे घोडे मोजतात, त्या काट्याबद्दल. त्याला डायनामोमीटर म्हणतात. गॅरेजवाले नुसते डायनो म्हणतात.

सहा घोडे कुठे गेले?

मागे एक तक्रार आमच्याकडे आली. चौदा एकर कोरडवाहू जमिनीचा धनी. कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. पत्रकावर मोठ्या अक्षरांत 50 एचपी छापलेले. भारी काळ्या रानात रोटाव्हेटर लावला की इंजिन बसायचे. विक्रेत्याकडे गेला तर ते म्हणाले, चला, मोजून दाखवतो. एका वर्कशॉपात डायनोवर लावला, आकडा आला 47. 'बघा, फारसा फरक नाही, तुमची जमीनच भारी आहे,' असे सांगून त्याला परत पाठवले. मग आम्ही तोच ट्रॅक्टर दुसऱ्या ठिकाणी मोजायला लावला. तिथे आकडा आला 41. तो शेतकरी आम्हाला म्हणाला, 'साहेब, सहा घोडे रस्त्यात सुटून गेले का?'

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेली माणसे. उत्तर तोंडावर यायला हवे होते, पण आले नाही. दोन्ही कागद समोर ठेवून बारकाईने वाचले तेव्हा उलगडा झाला. खोटा यातला कुठलाच काटा नव्हता. दुसऱ्या ठिकाणी पीटीओच्या शाफ्टवर जे मिळाले ते तसेच लिहिले होते. पहिल्या ठिकाणी पीटीओवरच मोजले होते, पण गिअरमध्ये जी शक्ती जिरते ती दहा-अकरा टक्के धरून परत मिळवली होती, आणि त्या दिवशीच्या उन्हाची म्हणून वर थोडी दुरुस्ती केली होती. 41 चे असे 47 झाले. पत्रकावरचे 50 तर कारखान्यात नुसते इंजिन बाकावर चढवून काढलेले होते.

तीन आकडे, तिन्ही खरे, आणि तरीही शेतकरी फसलेला. रोटाव्हेटर पीटीओवर चालतो, पत्रकावर चालत नाही.

हे माप जन्मले विक्रीसाठी

हॉर्सपॉवर हा शब्द आला कुठून? अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडात जेम्स वॅट वाफेची इंजिने विकत होता. गिऱ्हाईक म्हणायचे, माझ्याकडे घोडे आहेत, तुझे इंजिन किती घोड्यांचे काम करील? वॅटने हिशेब घातला आणि एका घोड्याचे काम ठरवले: एका मिनिटात 33,000 पौंड वजन एक फूट उचलणे. साधा घोडा दिवसभर एवढे काम करू शकत नाही. म्हणजे हे माप पहिल्या दिवसापासून विकणाऱ्याने ठरवलेले आहे.

आपल्या भाषेत सांगायचे तर मोट आठवा. 75 किलो पाणी एका सेकंदात एक मीटर वर ओढले, तर तो झाला एक मेट्रिक हॉर्सपॉवर, म्हणजे 735.5 वॅट. इंग्रजी हॉर्सपॉवर थोडा मोठा, 746 वॅट. नेटाने काम करणारी बैलजोडी दिवसभरात एका हॉर्सपॉवरच्या आतबाहेर राहते. 50 चा आकडा छापताना तुमच्यासमोर पन्नास बैलजोड्या उभ्या केल्या जातात. त्यातल्या फाळापर्यंत किती पोचतात, ते कुणी सांगत नाही.

काटा मोजतो काय?

ही गोष्ट नीट लक्षात ठेवा: डायनामोमीटर हॉर्सपॉवर मोजतच नाही. तो दोनच गोष्टी मोजतो. शाफ्टचा पीळ किती, आणि फेरे किती. हॉर्सपॉवर हा नंतर केलेला गुणाकार आहे.

फ्रान्समध्ये प्रोनी नावाच्या इंजिनिअरने 1821 मध्ये याची सोपी युक्ती काढली. फिरत्या चाकाला लाकडी ठोकळ्यांचा ब्रेक आवळायचा, ब्रेकला एक लांब दांडी जोडायची आणि दांडीचे टोक वजनावर टेकवायचे. चाक दांडीला आपल्याबरोबर ओढू बघते, वजन तिला धरून ठेवते. दांडीची लांबी गुणिले वजन, हा झाला पीळ. पीळ किलो-मीटरमध्ये घ्या, मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा आणि 716 ने भागा. हॉर्सपॉवर मिळाले.

आता पीटीओचे उदाहरण घ्या. शाफ्ट मिनिटाला 540 फेरे फिरतो आहे, दांडी एक मीटरची आहे आणि काट्यावर 53 किलो दिसतात. 53 गुणिले 540 भागिले 716, म्हणजे 40 एचपी. यात चूक कुठे शिरते ते बघा. काटा रिकामा असतानाच एक किलो दाखवत असेल, तर पाऊण एचपी फुकट वाढले. दांडी एक मीटर समजून एक इंच आखूड बसवली असेल, तर आकड्यात एक एचपी फुकट वाढला. फेरे मोजणारे घड्याळ शंभराला तीन जास्त दाखवत असेल, तर हॉर्सपॉवरही शंभराला तीन वाढली. आज ब्रेक लाकडाचा नसतो. पाण्याचा, तेलाचा किंवा विजेच्या चुंबकाचा असतो. वजनाच्या जागी लोडसेल असतो आणि आकडा पडद्यावर दोन दशांश स्थळांपर्यंत येतो. पण पडद्यावर 41.27 दिसले म्हणून ते खरे होत नाही. लोडसेल ठाऊक असलेल्या वजनाने तपासलेला नसेल, तर ते दोन दशांश नुसते दागिने आहेत.

चार जागा, चार आकडे

पहिली जागा, नुसते इंजिन. हा आकडा सर्वांत मोठा. त्यातही पंखा, डायनामो, एअर फिल्टर, सायलेन्सर लावून मोजले की काढून मोजले, यावर फरक पडतो. अमेरिकेत मोटारीच्या इंजिनांची शक्ती वर्षानुवर्षे असे भाग उतरवून मोजली जात असे. 1972 च्या मॉडेलपासून कंपन्यांनी ते भाग लावून मोजायला सुरुवात केली, आणि मोटारींची हॉर्सपॉवर कागदावर एकदम खाली आली. इंजिन तेच होते, मोजायची रीत तेवढी बदलली होती.

दुसरी जागा, पीटीओ. ट्रॅक्टरसाठी हा सर्वांत भरवशाचा काटा. कारण शाफ्ट थेट जोडला जातो, मध्ये टायर नाही, माती नाही. मळणी यंत्र, रोटाव्हेटर, फवारणीचा पंप यांना हीच शक्ती मिळते.

तिसरी जागा, चाके. जीप, मोटार रोलरवर चढवून मोजतात. इथे सर्वांत जास्त घोळ. काही यंत्रांत नुसता जड रोलर असतो आणि गाडी तो किती झपाट्याने फिरवते यावरून शक्ती काढतात. काहींत रोलरला ब्रेक असतो आणि गाडीला ताण देऊन मोजतात. एकच गाडी या दोन यंत्रांवर वेगवेगळे आकडे देते. शिवाय टायरमध्ये हवा किती, गाडी पट्ट्याने किती आवळली, कोणत्या गिअरमध्ये मोजली, इंजिन किती तापलेले होते, हे सगळे आकड्यात उतरते. चाकावरच्या आकड्यावरून इंजिनाचा आकडा काढताना मधली गळती किती धरायची ते यंत्रवाला ठरवतो, आणि तिथे त्याला मोकळे रान असते.

चौथी जागा, हुक. नांगर, वखर, कल्टिव्हेटर, ट्रॉली यांचे काम इथे. ओढ किती किलो आणि चाल किती, यांचा गुणाकार. ओढ किलोत आणि चाल तासाला किलोमीटरमध्ये धरली, तर गुणाकाराला 270 ने भागायचे. भुसभुशीत काळ्या रानात ट्रॅक्टर तासाला पाच किलोमीटर चालीने 1200 किलोची ओढ देत असेल, तर हुकावरची शक्ती भरते 22 एचपी. सिमेंटच्या पट्टीवर तोच ट्रॅक्टर याहून बरेच जास्त दाखवील. फरक चाकाच्या घसरणीत आणि मातीत रुतण्यात गेला. म्हणून गावात दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून ओढायची पैज लावतात, त्यात जिंकणारा जास्त हॉर्सपॉवरचा असेलच असे नाही. पुष्कळदा तो फक्त जास्त वजनाचा असतो, किंवा त्याचे टायर नवे असतात.

हवेचा हिशेब

इंजिन डिझेल खाते तशी हवाही खाते. मे महिन्यात अकोल्याला पारा 45 वर जातो, तेव्हा 25 अंशांच्या हवेपेक्षा ती हवा सहा टक्क्यांनी विरळ असते. उंचावरच्या गावीही हवा विरळच. म्हणून चाचणीत त्या दिवशीचे तापमान आणि हवेचा दाब लिहून आकड्याची दुरुस्ती करतात. ही दुरुस्ती योग्य आहे, कारण तिच्याविना दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवता येत नाहीत. पण प्रत्येक इंजिनाची दुरुस्ती वेगळी. पेट्रोलचे सूत्र डिझेलला लावले, किंवा टर्बो नसलेल्याचे टर्बोला लावले, तर आकडा नको तितका फुगतो. आणि तुम्ही नांगरणार मे महिन्यातल्या हवेत, दुरुस्त केलेल्या हवेत नाही. म्हणून दोन्ही आकडे मागायचे: प्रत्यक्ष मिळालेला आणि दुरुस्त केलेला.

आजीची पायली

मग या काट्यांवर विश्वास ठेवायचा की नाही? ठेवायचा, पण कशासाठी ते ओळखून.

आपल्या घरोघरी पायली असायची. या घरची पायली आणि त्या घरची पायली तंतोतंत सारखी कधी नसायची. शेजारणीच्या पायलीने घेतलेली ज्वारी आपल्या पायलीने परत केली तर भांडण ठरलेले. पण आजी दरवर्षी एकाच पायलीने रास मोजायची, म्हणून यंदा गेल्या वर्षीपेक्षा दोन पायल्या कमी भरली हे ती छातीठोक सांगू शकायची. तिची पायली सरकारी मापाला उतरत नसेल, पण ती दरवर्षी तीच होती.

डायनोचेही असेच आहे. एकाच डायनोवर, एकाच माणसाने, एकाच रीतीने, इंजिन सारखे तापवून, तीन वेळा मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ आले, तर तो काटा तुलनेला उपयोगी आहे. पंप दुरुस्त करण्याआधी किती आणि नंतर किती, हे तो खात्रीने सांगेल. पण एका गावच्या डायनोचा आकडा दुसऱ्या गावच्या डायनोशी ताडून 'माझा ट्रॅक्टर भारी' असे म्हणू नका. तिथे दोन घरच्या दोन पायल्या आहेत. 1972 मध्ये सुरू झालेली कापूस एकाधिकार खरेदी ज्यांनी पाहिली, त्यांना हे वेगळे सांगायला नको. गाडी तीच, कापूस तोच, केंद्र बदलले की ग्रेड बदलायची.

एका शेतकऱ्याने केलेला कायदा

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात विल्मट क्रोझियर नावाचा शेतकरी होता. त्याने विकत घेतलेला ट्रॅक्टर पत्रकाप्रमाणे चालेना. तो रडत बसला नाही. तो राज्याच्या विधिमंडळात होता. त्याने तिथे कायदा आणला आणि 1919 मध्ये तो मंजूर झाला. ट्रॅक्टरची राज्याच्या विद्यापीठात चाचणी झाल्याशिवाय राज्यात विक्री नाही, आणि विकणाऱ्याने राज्यात सुटे भाग व दुरुस्तीची सोय ठेवलीच पाहिजे. 1920 मध्ये चाचण्या सुरू झाल्या. पहिली चाचणी पार पडली ती वॉटर्लू बॉय या ट्रॅक्टरची.

त्या काळी ट्रॅक्टरला दोन आकडे लावायची पद्धत होती. वॉटर्लू बॉय हा 12-25 म्हणून विकला जाई: हुकावर 12, पट्ट्याच्या चाकावर 25. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याला ओढीचा आकडा वेगळा सांगितला जात होता. आज आपल्याला एकच मोठा आकडा सांगतात. याला प्रगती म्हणायचे की काय, तुम्हीच ठरवा.

आपल्याकडेही सोय नाही असे नाही. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी बुदनी येथे केंद्र सरकारची संस्था 1955 पासून आहे, आणि तिथे ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात. भारतीय मानक 5994 प्रमाणे पीटीओ आणि हुक या दोन्ही ठिकाणी मोजतात, तापलेल्या हवेतही मोजतात, तासाला किती डिझेल लागले तेही लिहितात. सरकारी अनुदान अशा चाचणीच्या अहवालाशी बांधलेले आहे, आणि यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय योजनेत ट्रॅक्टरचे गट पाडले आहेत ते पीटीओ हॉर्सपॉवरवर: 8 ते 20, 20 ते 40, 40 ते 70. म्हणजे सरकार पीटीओचा आकडा विचारते आणि शेतकऱ्याला मात्र इंजिनाचा दाखवला जातो.

1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले, आणि ती इंजिने महागडी झाली. तेव्हापासून 50 च्या अलीकडे की पलीकडे, हा एका हॉर्सपॉवरचा प्रश्न पुष्कळ पैशांचा झाला आहे. काट्यातली शेकडा दोनची चूक तिथे किती महाग पडेल, याचा विचार करा.

कोरडवाहूचा हिशेब

बागायतदाराचा ट्रॅक्टर वर्षभर फिरतो. आपला उन्हाळी नांगरट, पेरणीआधीची वखरणी, ज्वारीची मळणी आणि पऱ्हाटी काढणे एवढ्यावर फिरतो. हप्ता मात्र बारा महिने. म्हणून जास्त घोडे विकत घेणे हा आपल्यासाठी मोठेपणा नाही, कर्ज आहे. आणि कमी घोडे घेऊन इंजिन बसवणे म्हणजे दुरुस्तीचे बिल. आपल्याला नेमके माप हवे. डिझेलचेही तसेच: चांगला ट्रॅक्टर पीटीओवर एका लिटरमध्ये साधारण साडेतीन ते चार हॉर्सपॉवर-तास काम देतो. हा आकडा हॉर्सपॉवरपेक्षा जास्त बोलका आहे, कारण तो रोज खिशातून जातो.

काय करायचे?

ट्रॅक्टर घेताना चार प्रश्न लिहून न्या. एक: हा आकडा इंजिनाचा, पीटीओचा की हुकाचा? दोन: पंखा, फिल्टर, सायलेन्सर लावून मोजला का? तीन: कोणत्या तापमानात मोजला आणि किती दुरुस्ती केली? चार: चाचणीचा अहवाल कुठे आहे? डायनोवाल्याला पाचवा प्रश्न: लोडसेल शेवटचा कधी आणि कशाने तपासला?

दुसरे, औजाराची ओढ आपणच मोजू. त्यासाठी मोठे यंत्र लागत नाही, ओढीचा काटा पुरतो. पुढे एक ट्रॅक्टर, मागे औजार लावलेला ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, आणि मध्ये काटा. आधी औजार वर उचलून ओढायचे, मग जमिनीत घालून ओढायचे. दोन्हींतला फरक ही औजाराची ओढ. रेगडीत किती, मुरमाड रानात किती, ओल असताना किती आणि भेगा पडल्यावर किती, हे तालुक्यातालुक्याने वहीत लिहा. काटा एकच ठेवा आणि तो गावोगाव फिरवा, म्हणजे पायली एकच राहील. मंगळवेढ्याच्या रानाची आणि यवतमाळच्या रानाची ओढ मग शेजारी शेजारी मांडता येईल. आपल्या औजाराला हुकावर किती लागतात हे ठाऊक असलेला शेतकरी दुकानात गेला, तर पत्रक त्याला फसवू शकत नाही.

तिसरे, या बैठकीत ठराव करू. ट्रॅक्टरच्या किमतीच्या पाटीवर पीटीओ आणि हुक, दोन्ही आकडे मराठीत लिहिलेले असावेत, आणि चाचणीच्या अहवालाचे एक पान मराठीत ट्रॅक्टरबरोबर मिळावे. यात सरकारची एक दमडी खर्च होत नाही. आम्ही सूट मागत नाही, अनुदान मागत नाही. जे विकता ते मोजून द्या, आणि कुठे मोजले ते सांगा, एवढेच मागतो.

त्या चौदा एकरवाल्या शेतकऱ्याचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. ट्रॅक्टर परत गेला नाही, कर्जही फिटलेले नाही. त्याने रोटाव्हेटर बदलून कमी रुंदीचा घेतला आणि इंजिन बसायचे थांबले. 41 घोड्यांना 41 घोड्यांचे काम दिले, एवढेच. पण हे त्याला घेण्याआधी कळले असते, तर त्याने लहान ट्रॅक्टर घेतला असता आणि त्याचे पैसे वाचले असते. तो आज इथे मागच्या रांगेत बसला आहे. पुढच्या हंगामात ओढीचा काटा पहिल्यांदा त्याच्याच रानात लावायचा, असे आम्ही ठरवले आहे. ज्यांना बघायला यायचे असेल त्यांनी जाताना नावे द्यावीत.